प्रो. मॅकबेन, चाळणीचा दगड व पुण्याची राष्ट्रीय रसायनशाळा

शहापूर-मुरबाडकडील लेखकाकडून माहुलीच्या किल्ल्यासंबंधीं किंवा नाणेघाटांतील लेखासंबंधीं कांहीं टिपण यावें, अशी ह्या त्रैमासिकाच्या वाचकांची अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. सन १६३६ मध्यें शहाजीराजांस माहुलीवरच शरण जावें लागलें. मुरबाडहून जुन्नरास चढणाऱ्या नाणेघाटांत नागनिकेचा लेख कोरलेला आहे. ह्या दोन्ही स्थळांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. आज आम्हीही आमच्या टापूंतील दगडाविषयींच लिहिणार आहों. मात्र त्या दगडावर अक्षरें नाहींत.

कसाऱ्याचा घाट, ज्यास जुन्या कागदांत थळघाट म्हणतात, तो शहापूर तालुक्याच्या माथ्यावर आहे. सन १८६५ त आगगाडी इगतपुरीपर्यंत पोंचली, तेव्हां ह्या घाटाचा काळा कातळ सुरुंगांनीं फोडावा लागला. हा कातळ म्हणजे थिजलेला ज्वालारस होय. थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले, व त्या पोकळ्यांत पुढें पाण्याच्या संगतीनें पांढरे, गुलाबी, पंख्यासारखे किंवा सुयांसारखे स्फटिक जमले. आमच्याकडील मुलें त्या सर्वांस सरसकट गारगोटी म्हणतात. खरी गारगोटी निराळी. तिची ठिणगी पडते. ह्या मऊ स्फटिकांपैकीं पुष्कळांस शास्त्रांत झिओलाइट अशी संज्ञा आहे. सन १७५६ मध्यें स्वीडन देशाच्या क्रॉनस्टेट नामक खनिजशास्त्र्यानें हें नांव दिलें. दगड तापविला असतां त्यांतून पाणी उकळून बाहेर येतें, म्हणून ग्रीक भाषेंतून 'उकळता दगड' अशा अर्थाचा हा शब्द त्यानें बनविला. आमच्या सह्याद्रीचे हे स्फटिक युरोपांत लवकरच गेले. सन १८३१ मध्यें ब्रुक ह्यानें एकास पुण्याच्या नांवावरून 'पूनालाइट' असें नांवही दिलें होतें. पण तो पदार्थ स्वतंत्र नसून पूर्वीच माहीत असलेल्या झिओलाइटाचाच प्रकार ठरला, व तें नांव मागें पडलें.

पाणी निघून गेल्यावर दगडाचा सांगाडा ढांसळत नाहीं. आंत सारख्या मापाच्या बारीक वाटा मोकळ्या राहतात, व त्यांतून लहान रेणू आंत शिरतात, मोठे बाहेरच राहतात. ह्या गुणास 'रेणूंची चाळणी' हें नांव सन १९३२ मध्यें ज्यांनीं दिलें, ते प्रो. जेम्स विल्यम मॅकबेन हेच पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रसायनशाळेचे पहिले संचालक झाले. घाटांतला दगड आणि पाषाणच्या रस्त्यावरील ती इमारत ह्यांचा संबंध कितपत खरा, व कितपत मागाहून जोडलेला, हें तपासणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मॅकबेन ह्यांचा जन्म सन १८८२ मध्यें कानडा देशाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतांत झाला. टोरांटो येथें शिक्षण झाल्यावर ते जर्मनींत हायडेलबर्ग येथें गेले व तेथील पदवी मिळवून इंग्लंडांत ब्रिस्टल येथें अध्यापक झाले. सन १९०९ मधील त्यांचा निबंध कोळसा व हायड्रोजन वायु ह्यांविषयीं आहे. कोळसा हायड्रोजन पितो हें ठाऊक होतें. परंतु कांहीं वायु पृष्ठभागास तत्काळ चिकटतो व कांहीं हळूहळू आंत मुरतो, ह्या दोन क्रिया निराळ्या आहेत असें त्यांनीं दाखविलें, आणि दोहोंस सामावील असा 'सॉर्प्शन' हा नवा शब्द योजिला. मराठींत त्यास नुसतें 'शोषण' म्हटलें तरी चालेल. आमच्याकडे कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या हाडें झिजविलीं. पण त्या काळ्या ढेंकळांत इतक्या वाटा आहेत हें त्यांस किंवा आम्हांस कोणी शाळेंत सांगितलें नव्हतें.

ब्रिस्टल येथें त्यांनीं साबणाच्या पाण्यावर काम केलें. साबणाचे रेणू पाण्यांत सुटे न राहतां झुबक्यांनीं एकत्र येतात, असें मत त्यांनीं सन १९१३ च्या सुमारास मांडलें. त्या वेळीं एका सभेंत अध्यक्षांनीं 'मॅकबेन, हा मूर्खपणा आहे' असें तोंडावर म्हटलें, अशी कथा रसायनशास्त्रज्ञांत सांगतात. तिचें मोल आम्ही बखरीच्या साक्षीइतकेंच धरतों. मत मात्र खरें ठरलें. सन १९२६ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले व स्टॅनफोर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाले. त्याच काळांत बक्र नामक सहकाऱ्यासह त्यांनीं एक तराजू प्रसिद्ध केला. स्फटिकाच्या बारीक तंतूच्या कमानीस पदार्थ टांगावयाचा, व त्यानें वायु शोषिला कीं कमान किती ताणली तें पाहावयाचें, अशी त्याची युक्ति होती. इतक्या साध्या साधनानें इतकें मोठें काम झाल्याचीं उदाहरणें थोडीं.

स्टॅनफोर्ड येथेंच त्यांनीं पडद्यांवर प्रयोग केले. सेलोफेन म्हणजे मिठाईच्या पुड्यावर असतो तो पारदर्शक कागद. त्याचीं छिद्रें रासायनिक संस्कारानें हवीं तेवढीं मोठीं करतां येतात, व दाब देऊन त्यांतून द्रव गाळला असतां अमुक मापाचे कण मागें राहतात, हें त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं १९३० च्या दशकांत सिद्ध केलें. दगडाची चाळणी वायूंसाठीं, कागदाची चाळणी द्रवांसाठीं, तत्त्व एकच.

येथें संस्कृताचा विद्यार्थी म्हणून एक सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलांत सोमरस लोकरीच्या गाळणींतून गाळल्याचें वर्णन पुनःपुन्हां येतें, व त्या गाळणीस 'पवित्र' अशी संज्ञा आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत पाऱ्याचे अनेक संस्कार सांगितले आहेत. एवढ्यावरून वैदिक ऋषींस सूक्ष्म पडद्यांचें किंवा रससिद्धांस उत्प्रेरकांचें शास्त्र अवगत होतें असें अनुमान कोणी काढील, तर तें साफ चुकीचें होईल. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न खर्चतां रासायनिक क्रियेस वेग देणारा पदार्थ; ही कल्पना बर्झेलियसनें सन १८३५-३६ मध्यें मांडली, व तिच्यासाठीं मोजमाप लागतें. आचार्य प्रफुल्लचंद्र राय ह्यांनीं सन १९०२ व १९०९ मध्यें हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन भाग प्रसिद्ध केले. प्राचीनांचा गौरव करावयाचा तर त्यांनीं जें केलें त्याचाच करावा.

आतां पुण्याकडे वळूं. राष्ट्रीय रसायनशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजीं मुंबईचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर ह्यांनीं बसविली, व ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते तिचें उद्घाटन झालें. सत्तरीच्या उंबरठ्यावरील एका परदेशीय पंडितास येथें कां बोलाविलें असावें? आमच्या मतें ह्याचें उत्तर डॉ. शांतिस्वरूप भटनागर ह्यांच्या शिक्षणांत आहे. देशांतील ह्या प्रयोगशाळांची मालिका ज्यांनीं उभी केली ते भटनागर स्वतः तेल-पाण्याच्या मिश्रणांचे अभ्यासक होते, आणि लंडन येथील त्यांचे गुरु डॉनन ह्यांनीं सन १९११ मध्यें पडद्याच्या दोन बाजूंच्या द्रावणांचा समतोल कसा होतो ह्याचा सिद्धांत मांडला होता. गुरुकुल एक नसलें तरी विषय एक होता. मॅकबेन ह्यांचें नांव भटनागरांस परकें वाटण्याचें कारण नव्हतें.

मॅकबेन पुण्यास सन १९५२ पर्यंत राहिले व १९५३ त कॅलिफोर्नियांत वारले. त्यांच्या जागीं जॉर्ज फिंच आले. सन १९२२ मध्यें एव्हरेस्टवर प्राणवायूचीं नळकांडीं पाठीस बांधून चढणारे ते हेच! पृष्ठभागांच्या शास्त्रांत तेही अधिकारी होते. सन १९५७ मध्यें कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. ते मुंबईच्या रसायन तंत्र विभागांतून आलेले, रंगद्रव्यांचे जाणकार. त्यांच्या नंतरचे डॉ. बाळ दत्तात्रय टिळक हेही त्याच परंपरेंतले. म्हणजे झिओलाइटाचा धागा येथें तुटतो.

तो तुटतो हें सांगणें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. 'मॅकबेन ह्यांनीं पेरलें तें पुण्यास उगवलें' असें वाक्य गौरवग्रंथांत शोभेल. पण वंशावळींत चार पिढ्या गाळून पणतू दाखविला तर हें मंडळ तो कागद मान्य करील काय? खरी परंपरा अशी आहे: मॅकबेन ह्यांचा शोषणावरील ग्रंथ सन १९३२ मध्यें निघाला. त्यापुढें इंग्लंडांत बॅरर ह्यांनीं झिओलाइट प्रयोगशाळेंत बनविण्याचा मार्ग काढिला, अमेरिकेंत युनियन कार्बाइडच्या मिल्टन ह्यांनीं सन १९४९ मध्यें नवे कृत्रिम झिओलाइट तयार केले, सन १९६२ पासून खनिज तेल फोडण्याच्या कारखान्यांत ते उत्प्रेरक म्हणून वापरांत आले, व १९७२ मध्यें मोबिल कंपनीनें 'झेडएसएम-५' नामक झिओलाइटाचा एकस्व घेतला. मॅकबेन पुण्यास प्रयोगशाळेची घडी बसवीत असतां त्यांच्याच चाळणीचें भविष्य अमेरिकेंत घडत होतें. पुण्यास तें परत आलें तें पुस्तकांच्या व तेलकंपन्यांच्या वाटेनें, तीन दशकांनंतर, डॉ. पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून.

हें पुनरागमन मात्र उसनें नव्हे. रत्नसामी ह्यांच्या गटानें 'एन्सिलाइट' नांवाचे उत्प्रेरक सिद्ध केले. नांवांतच प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा नाद आहे. झायलीन नामक द्रवाचे तीन भाऊ असतात, व त्यांपैकीं पॅरा हा पॉलिएस्टर कापडास लागतो. त्याचा रेणू सरळ व सडपातळ असल्यामुळें झिओलाइटाच्या वाटांतून तो चटकन् निसटतो. इतर दोघे आंत अडखळतात. ह्या तत्त्वावरील 'झायलोफायनिंग' ही प्रक्रिया सन १९८५ मध्यें बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यांत चालू झाली. ह्या कामीं तिसरा भागीदार होता असोसिएटेड सिमेंट कंपनी, तिचें संशोधनकेंद्र ठाण्यास होतें. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासांत ही नोंद आजवर कोणी केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं, म्हणून ती मुद्दाम येथें करून ठेवतों.

पडद्यांची गोष्ट आम्हांस अधिक जिव्हाळ्याची आहे. तानसा धरण सन १८९२ मध्यें झालें, वैतरणेवरील मोडकसागर १९५७ मध्यें, पुढें भातसा. हीं सारीं पाणीं शहापूर तालुक्याच्या अंगावरून मुंबईस जातात. मुरबाडकडे बारवीचें पाणी कारखान्यांस व शहरांस जातें. आणि चैत्र-वैशाखांत शहापूरच्या कित्येक पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. डबक्यांतलें किंवा आटत्या विहिरींतलें पाणी प्यावयाचें तर तें गाळलें पाहिजे, व साध्या फडक्यानें रोगजंतु अडत नाहींत. पुण्याच्या प्रयोगशाळेनें पॉलिअॅक्रिलोनायट्राइल नामक बहुलकाचे असे पडदे सिद्ध केले कीं, जंतूच काय, विषाणूही त्यांत अडतात, व नळाच्या साध्या दाबावर, विजेवांचून, पाणी गाळलें जातें. विरघळलेले क्षार मात्र अशा पडद्यानें अडत नाहींत. त्यासाठीं ह्याहून बारीक पडदा व मोठा दाब लागतो. पाणी मुळांत उपलब्ध करून देणें हें तर कोणत्याच पडद्याचें काम नव्हे; तो प्रश्न वांटपाचा आहे व त्याचे कागद निराळ्या दप्तरांत आहेत.

राहिला अग्नीचा विषय. २१ ऑगस्ट १९२२ ह्या तारखेशीं घोटाळा होऊं नये म्हणून अंक स्पष्ट लिहितों: सन २०२२ च्या ऑगस्टच्या २१ तारखेस पुण्यास हायड्रोजनवर चालणारी देशी बस लोकांपुढें आली. ती केपीआयटी ही कंपनी व वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा ह्यांनीं मिळून बनविली. पुण्याची रसायनशाळा त्यांत होती. तिच्या विद्युत्कोषांत एका पातळ पडद्याच्या दोन्ही अंगांस कोळशाच्या भुकटीवर बसविलेले प्लॅटिनमचे कण असतात. एका अंगास हायड्रोजन येतो, प्लॅटिनम त्याचा रेणू फोडतो, धन कण पडद्यांतून पलीकडे जातात, ऋण कण तारेंतून वळसा घेऊन वीज देतात, व पलीकडे प्राणवायूशीं मिळून पाणी होतें. उत्प्रेरक, पडदा, कोळसा व हायड्रोजन: मॅकबेन ह्यांनीं आयुष्यभर हाताळलेल्या बहुतेक वस्तु ह्या एका पानांत सांपडतात. तरी येथेंही वारसा सांगण्याचा मोह आम्ही आवरतों. विद्युत्कोषाची कल्पना सन १८३९ च्या ग्रोव्हची आहे. शिवाय बसला लागणारा हायड्रोजन कोठून येतो हें विचारलें पाहिजे. आज जगांत तो बहुतांशीं खनिज इंधनांपासून, विशेषतः नैसर्गिक वायूपासून काढितात. त्या भट्टींत उत्प्रेरक असतो निकेलचा, आणि हायड्रोजनबरोबर अंगारवायूही बाहेर पडतो.