साथ आणि विद्यापीठ : पुन्हा उघडण्याचा प्रश्न

२०२० सालच्या टाळेबंदीत आयझॅक न्यूटनची एक गोष्ट जगभर पुन्हा पुन्हा सांगितली गेली. १६६५ साली इंग्लंडमध्ये प्लेगची साथ आली, केंब्रिज विद्यापीठ बंद पडले, बावीस वर्षांचा न्यूटन वूल्सथॉर्प या आपल्या गावी परतला आणि तेथील एकांतात त्याने कलनशास्त्र, प्रकाश व गुरुत्वाकर्षण या तिन्ही विषयांचा पाया घातला, अशी ती गोष्ट. घरात अडकलेल्या विद्यार्थ्यांना ती कधी उत्तेजन म्हणून सांगितली जाई, कधी टोमणा म्हणून. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. न्यूटनच्या वह्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे, की त्याच्या गणिताची बरीचशी पायाभरणी विद्यापीठ बंद होण्यापूर्वी, केंब्रिजमध्येच झाली होती. शिवाय या गोष्टीतून आणखी एक तपशील हमखास गळतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. साथीच्या त्या दोन वर्षांत केंब्रिज विद्यापीठ मध्येच एकदा उघडले होते आणि तीन महिन्यांत त्याला पुन्हा बंद व्हावे लागले होते.

घटनाक्रम थोडक्यात असा. १६६५ च्या उन्हाळ्यात प्लेग केंब्रिजला पोहोचला. गावाबाहेर भरणारी स्टरब्रिजची जत्रा ही इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या जत्रांपैकी एक; ती रद्द झाली. न्यूटन ज्या ट्रिनिटी कॉलेजात होता, त्याने ऑगस्टमध्ये गावी जाणाऱ्या फेलोंना व विद्यार्थ्यांना महिनाभराचा भोजनखर्च मंजूर केला. न्यूटन बहुधा त्याआधीच निघून गेला असावा, कारण ती रक्कम घेणाऱ्यांत त्याचे नाव नाही. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाने सार्वजनिक प्रवचने आणि वादसभा स्थगित केल्या. हिवाळा सरला. मार्च १६६६ च्या मध्यावर असे दिसले, की गेले सहा आठवडे गावात प्लेगने एकही मृत्यू झालेला नाही. विद्यापीठाने आपल्या माणसांना परत बोलावले. न्यूटन २० मार्चला हजर झाला. मे महिन्यातील त्याची काही गणिती टिपणे याच मुक्कामातील आहेत. जूनमध्ये साथ पुन्हा उसळली, पुन्हा सर्वांची पांगापांग झाली आणि न्यूटन परत वूल्सथॉर्पला गेला. विद्यापीठ खऱ्या अर्थाने सुरू झाले ते १६६७ च्या वसंतात. न्यूटन एप्रिलच्या अखेरीस परतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीचा फेलो म्हणून निवडला गेला.

सहा आठवडे एकही मृत्यू नाही, हा निकष आजच्या दृष्टीनेही हलगर्जीपणाचा वाटत नाही. त्या काळी रोगाचे कारण ठाऊक नव्हते. उंदीर, पिसवा आणि जिवाणू यांचा संबंध कळायला आणखी सव्वादोनशे वर्षे लागायची होती. मृत्यूंची नोंद हेच काय ते मोजमाप हाती होते, आणि ते मोजमाप विद्यापीठाने प्रामाणिकपणे वापरले. चूक मोजण्यात नव्हती, मोजण्याच्या ऋतूत होती. त्या प्रदेशात प्लेग हिवाळ्यात ओसरतो आणि उन्हाळ्यात डोके वर काढतो. फेब्रुवारी-मार्चमधले शून्य साथ संपल्याचे चिन्ह नव्हते, थंडीचे होते. त्यातून ते अर्धे रिकामे झालेल्या गावातले शून्य होते. माणसे परतल्यावर तेच गाव कसे वागेल, याबद्दल त्या आकड्याने काहीच सांगितले नव्हते.

दुसरी बाब अधिक बोलकी आहे. साथीच्या काळात केंब्रिजमध्ये मृतांच्या संख्येची छापील पत्रके निघत. त्यांत परगण्यापरगण्यातील मृत्यू दिलेले असत, गावाबाहेर रोग्यांसाठी उभारलेल्या जागेतील मृत्यू वेगळे दिलेले असत, आणि त्याच पत्रकात ईश्वराचे आभार मानून सांगितलेले असे, की सर्व कॉलेजे संसर्गापासून मुक्त आहेत. म्हणजे कागद एकच, पण त्यावर एक अदृश्य भिंत आखलेली. कॉलेजे मुक्त राहिली याचे मुख्य कारण ती रिकामी होती. ज्यांना गावाकडे घर आणि शेतीवाडी होती, ते निघून गेले. कॉलेजांवर ज्यांचे पोट चाले त्या स्वयंपाक्यांना, धोबिणींना आणि दुकानदारांना केंब्रिज हेच गाव होते. त्यांतील बहुतेकांना जायला दुसरी जागा नव्हती. न्यूटनच्या गोष्टीत ही माणसे कोठेच येत नाहीत.

आता साडेतीन शतके ओलांडून २०२० च्या उन्हाळ्याकडे यावे. अमेरिकेतील विद्यापीठे मार्चमध्ये घाईघाईने बंद झाली होती. बंद करणे त्या मानाने सोपे होते. सर्वत्र तेच चालले होते. ऑगस्टमध्ये नवे सत्र सुरू करायचे, तर उघडावे की नाही हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठाला स्वतंत्रपणे सोडवावा लागला. तेथील पदवीचे शिक्षण निवासी आहे. वसतिगृहांचे भाडे, भोजनगृहांचे उत्पन्न आणि भरमसाट शुल्क यांवर संस्थांचा डोलारा उभा. त्यामुळे त्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी लांबलचक योजना प्रसिद्ध झाल्या. बाकांमधील अंतर, जिन्यांवर चढण्याच्या-उतरण्याच्या वेगळ्या बाजू, मुखपट्टी, आणि नियम पाळण्याची विद्यार्थ्यांकडून घेतलेली लेखी हमी, असे त्यांचे स्वरूप असे.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील परिसराची हकिकत यांत सर्वाधिक चर्चिली गेली. हे अमेरिकेतील सर्वांत जुन्या सरकारी विद्यापीठांपैकी एक. १० ऑगस्टला तेथे वर्ग भरले. परतणाऱ्या विद्यार्थ्यांची सरसकट चाचणी करण्याचे योजनेत नव्हते. पहिल्या आठवड्यात १३० विद्यार्थी बाधित आढळले आणि विद्यार्थ्यांच्या चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण २.८ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेले. वसतिगृहांत आणि विद्यार्थ्यांच्या एका बंधुमंडळाच्या घरात रुग्णांचे पुंजके सापडले. १७ ऑगस्टला, म्हणजे आठव्या दिवशी, विद्यापीठाने पदवीचे सर्व वर्ग ऑनलाइन नेण्याचे जाहीर केले. केंब्रिजचे तीन महिने येथे एका आठवड्यात आटोपले. फुटबॉलचा हंगाम मात्र पुढे खेळला गेला.

याला दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही, कारण इशारा मिळालेला होता. ज्या ऑरेंज काउंटीत हे विद्यापीठ आहे, तिच्या आरोग्य विभागाने जुलैच्या अखेरीस पत्र लिहून सुचवले होते, की संपूर्ण सत्र ऑनलाइन घ्यावे, निदान पहिले पाच आठवडे तरी. आणि वसतिगृहे ज्यांना दुसरा आसराच नाही अशांपुरती ठेवावीत. गावाच्या आरोग्याची जबाबदारी असलेल्याने विद्यापीठाला दिलेला हा सल्ला होता. वर्ग भरण्याच्या सुमारास सफाई व इतर कर्मचाऱ्यांनीही कामाची जागा सुरक्षित नसल्याचे सांगत न्यायालयात धाव घेतली होती. विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र सुरुवातीपासून टीका करीत होते. थोडक्यात, भिंतीबाहेरच्यांना आणि भिंतीच्या आत खालच्या पायरीवर असलेल्यांना जे दिसत होते, ते योजनेत उतरले नव्हते. आणि योजना फसल्यावर दोष कोणाचा, तर मेजवान्या करणाऱ्या तरुणांचा, असे बोलले जाऊ लागले. अठरा-वीस वर्षांची मुले अनेक महिन्यांनी एकत्र आल्यावर एकमेकांना भेटतील, हे भाकीत करायला कोणत्याही शास्त्राची गरज नव्हती. लेखी हमी घेतल्याने ती भेटायची थांबत नाहीत. फक्त बिघडल्यावर जबाबदारी कोणाच्या नावे लिहायची, एवढे त्या हमीने आधीच ठरून जाते.

सर्वच योजना अशा फसल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील परिसरात लाळेच्या नमुन्यावरून करायची चाचणी विद्यापीठानेच विकसित केली आणि विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा चाचणी सुरू केली. रोज दहा हजारांहून अधिक नमुने तपासले जात. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी साथीचे गणिती प्रारूप तयार केले होते. विद्यार्थी मेजवान्या करतील हे त्यांनी हिशेबात धरले होते. मात्र बाधित असल्याचे कळल्यावरही काही जण वेगळे न राहता मेजवान्यांना जातील, हे धरले नव्हते. सप्टेंबरच्या प्रारंभी रुग्णसंख्या अंदाजापलीकडे गेली. तेव्हा दोन आठवडे अत्यावश्यक कामांखेरीज बाहेर पडू नये असे निर्बंध आले आणि लाट ओसरली. नोव्हेंबरअखेरच्या सुटीपर्यंत परिसर चालू राहिला. अंदाज येथेही चुकला होता. परंतु आठवड्यातून दोनदा पाहण्याची व्यवस्था असल्यामुळे चूक लवकर दिसली आणि ती मान्य करून सुधारता आली.

कॉर्नेल विद्यापीठाचे उदाहरण आणखी वेगळे. पीटर फ्रेझियर यांच्या गटाने जून २०२० मध्ये मांडलेला निष्कर्ष वरकरणी उलटा होता. त्यांच्या मते वर्ग ऑनलाइन घेतले तर साथ अधिक पसरेल आणि परिसर उघडून सर्वांची वारंवार चाचणी केली तर कमी. कारण असे, की वर्ग बंद असले तरी पुष्कळ विद्यार्थी इथाका गावात भाड्याच्या घरांत येऊन राहणारच होते. मग ते विद्यापीठाच्या कक्षेबाहेर राहतील आणि त्यांना चाचणीची सक्ती करता येणार नाही. या गणितात किती गृहीतके आहेत यावर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या योजनेने विद्यार्थ्याला परिसराच्या फाटकापाशी सोडून दिले नाही. तो गावात राहतो, हे धरूनच तिने हिशेब मांडला. कॉर्नेलने चाचण्यांची प्रयोगशाळा उभारली ती आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, कारण एकाच वेळी मोठ्या संख्येने नमुने तपासण्याचा अनुभव तेथे होता.

आणि खुद्द केंब्रिज? मे २०२० मध्येच त्याने जाहीर केले, की १६६६ प्रमाणे एखाद्या चांगल्या महिन्यावर भिस्त न ठेवता पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत सर्व व्याख्याने ऑनलाइन होतील. विद्यार्थ्यांना मात्र कॉलेजांत राहायला बोलावले. एक स्वयंपाकघर वा स्नानगृह वापरणाऱ्यांचे मिळून एक कुटुंब मानले गेले, आणि लक्षणे नसतानाही दर आठवड्याला त्या कुटुंबाचे नमुने एकत्र तपासले जाऊ लागले. सुटा विद्यार्थी न मोजता एकत्र राहणारी माणसे मोजायची, ही साधी पण समंजस कल्पना होती. त्याच सुमारास, नोव्हेंबरमध्ये, मँचेस्टर विद्यापीठाने आपल्या वसतिगृहांभोवती लोखंडी कुंपण उभारले. विद्यार्थ्यांनी त्याच संध्याकाळी ते पाडले आणि कुलगुरूंना क्षमा मागावी लागली. योजनांमध्ये अदृश्य असलेली भिंत येथे प्रत्यक्षात उभी राहिली होती.

हे सारे दूरच्या श्रीमंत संस्थांचे आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेच आहे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी २०२१ रोजी महाविद्यालये निम्म्या उपस्थितीने सुरू करण्याचा निर्णय झाला. आधीचे काही महिने रुग्णसंख्या उतरलेली होती. त्याच फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, दुसरी लाट आली आणि दरवाजे मिटले ते २० ऑक्टोबर २०२१ पर्यंत. मार्च १६६६ शी याचे साम्य डोळ्यांत भरते. फरक असा, की आपल्याकडच्या सामान्य अनुदानित वा विनाअनुदानित महाविद्यालयाजवळ प्रयोगशाळा सोडाच, थर्मामीटर आणि जंतुनाशकाच्या बाटलीपलीकडे मोजण्याचे साधनच नव्हते. एसटीने वा लोकलने येणारा आमचा विद्यार्थी सायंकाळी आजी-आजोबांच्या घरी परततो; त्याच्या बाबतीत परिसर आणि गाव ही विभागणी मुळातच लागू होत नाही. म्हणून उघडण्याच्या घाईला नावे ठेवतानाच, बंद राहण्याची किंमत कोणी मोजली हेही पाहावे लागते. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आणि फोन नव्हता, त्याचे वूल्सथॉर्प कोठेच नव्हते. उघडण्याची निकड त्याच विद्यार्थ्याला सर्वाधिक होती, आणि उघडणे सुरक्षित करण्याची ऐपत त्याच्याच महाविद्यालयाला सर्वांत कमी होती.

१६६६ आणि २०२० यांच्यामध्ये वैद्यकशास्त्र पार बदलले. निर्णयाची अडचण मात्र तीच राहिली. उघडणे म्हणजे एक तारीख ठरवणे, असे मानणारी योजना एका आकड्यावर विसंबते, आणि तो आकडा सहसा रिकाम्या परिसराचा असतो. जेथे उघडणे हे रोज पाहण्याचे आणि गरज पडल्यास मागे घेण्याचे काम मानले गेले, तेथे चुकाही सोसवल्या.

त्या उन्हाळ्यातले हे योजनांचे दस्तऐवज आता अभिलेखागारांत जाऊन पडले आहेत. पुढेमागे कोणी इतिहासकार ते वाचेल तेव्हा बाकांमधील अंतराची सूत्रे त्याला फारशी उपयोगी पडणार नाहीत. त्याने पाहावे ते हे, की वसतिगृह झाडणाऱ्या बाईची चाचणी किती दिवसांनी होणार होती, ती आजारी पडल्यास तिच्या पगाराचे काय होणार होते, आणि हे ठरवण्यापूर्वी तिला कोणी काही विचारले होते का. पुष्कळ योजनांमध्ये या प्रश्नांना जागाच नाही. केंब्रिजच्या त्या जुन्या पत्रकावरून कॉलेजांबद्दल आपल्याला जेवढे कळते, तेवढेच या कोऱ्या जागांवरून आपल्या काळाबद्दल त्याला कळेल.