नावातला हिंदुस्थान

बिअरचा विषय निघाला की कोणीतरी एक कथा हमखास सांगतो. हिंदुस्थानच्या प्रवासात इंग्लंडची बिअर नासत असे. तेव्हा हॉजसन नावाच्या चतुर गृहस्थाने तीत हॉपची फुले आणि मद्यांश वाढविला, आणि ‘इंडिया पेल एल’ जन्मास आली. कथा सुटसुटीत आहे. आम्हीही ती अनेक वर्षे विश्वासाने सांगत आलो. पण कागदपत्रे तिला साक्ष देत नाहीत.

जॉर्ज हॉजसनने 1752 साली लंडनच्या पूर्वेस, बो येथे कारखाना काढला. फिकट माल्टची, भरपूर हॉप घातलेली बिअर इंग्लंडात त्यापूर्वीच होत होती. कलकत्त्याच्या 1784 च्या जाहिरातीतही पेल एल आढळते. शिपायांची काळी पोर्टर तोच प्रवास करून धड पोचतच असे. हॉजसनचे भाग्य शोधात नव्हते, शेजारात होते. कंपनीची जहाजे जवळच ब्लॅकवॉलला नांगर टाकीत, कप्तानांना खाजगी व्यापारासाठी माल लागे, आणि हॉजसन त्यांना लांब मुदतीची उधारी देई. बाकीचे काम समुद्राने केले. केपला वळसा, विषुववृत्त दोनदा पार, कित्येक महिन्यांचे हेलकावे आणि ऊब: पिंपातली बिअर वाटेतच पक्व होऊन उतरे.

पुढे हॉजसन मंडळींनी भाव चढविले आणि कप्तानांनाच बाजूस सारू पाहिले. तेव्हा, 1822 च्या सुमारास, कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स ह्यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला गाठले. ऑलसॉपच्या कारागिराने पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळला म्हणतात. ही किटली आम्ही जरा जपूनच हाताळतो. बर्टनचे पाणी जिप्समयुक्त. त्यात हॉपचा कडवटपणा स्वच्छ आणि धारदार उतरतो, आणि त्या पाण्याच्या बळावर बर्टनने लंडनला मागे टाकले. ‘ईस्ट इंडिया’ हे नाव मात्र जाहिरातींत 1830 च्या आसपास दिसू लागते. म्हणजे व्यापार उभा राहून अर्धे शतक लोटल्यावर.

येथे पोचलेल्या बाटलीचा खरा सोहळा आबदाराच्या हाती असे. पेशवाईतल्या आबदारखान्यामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. साहेबाच्या घरी तो सोरा घातलेल्या पाण्यात बाटल्या फिरवून गार करी. बॉस्टनचा बर्फ कलकत्त्यास 1833 साली पोचला, तोवर गारव्याचा हाच आधार. अशी बिअर गार असे, गोठलेली नव्हे. चव घेणाऱ्याने हे ध्यानात धरावे. अतिथंड पेल्यात हॉपचा गंधच मरतो. पाच-दहा मिनिटे थांबावे, आधी हुंगावे, मग घोट.

अमेरिकेत 1975 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने कॅस्केड जातीचे हॉप वापरून ‘लिबर्टी एल’ काढली आणि ह्या कडू परंपरेत पुन्हा जीव आला. गंमत अशी की, समुद्रावर मुरलेल्या त्या बिअरच्या ह्या नातवंडांचा सुगंध काही महिन्यांतच विरतो; ती ताजीच घ्यावी लागतात. ही लाट पुण्यास 2009 साली ‘डुलाली’ ह्या नावाने आली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहता पाहता ज्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, त्यांच्यासाठी इंग्रजीत रूढ झालेला तो शब्द. आपल्या गावाचे नाव असा फेरा घालून घरी आले.

आता ताटाचे. नावात हिंदुस्थान असला तरी ही बिअर झणझणीत रश्श्याशी नांदत नाही; हॉपचा कडवटपणा तिखटाची आग वाढवितो, असा आमच्या जिभेचा निर्वाळा आहे. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यापुढे गव्हाची मवाळ बिअर किंवा माल्टची गोडी असलेली तांबूस बिअर ठेवावी. इंडिया पेल एलला तळण मानवते. तेलाचा थर कडवटपणाने धुऊन निघतो आणि जीभ पुढच्या घासास मोकळी होते. कुरकुरीत बोंबील मिळाले तर उत्तमच. परप्रांती बदलीच्या गावी ते कुठले, म्हणून आम्ही कोथिंबिरीची वडी तळून घेतो, मिरची थोडी कमी घालून.