खुनाच्या तडजोडीतला क्रूस

जर्मनीच्या सॅक्सनी, थुरिंजिया भागांत रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर ओबडधोबड दगडी क्रूस दिसतात. बहुतेकांवर ना नाव, ना साल. फार तर एखादी तलवार किंवा कुऱ्हाड कोरलेली. कुणा भाविकाने पुण्य म्हणून उभारले असतील असं वाटतं. पण त्यांतल्या कित्येकांचं मूळ खुनाच्या तडजोडीत आहे.

मध्ययुगात तिथे खून हा मुख्यतः दोन घराण्यांमधला मामला. सूड घेणं हा मयताच्या नातलगांचा हक्कच मानला जाई. हे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालू नये म्हणून मध्यस्थ बसत आणि करार होई. त्यातली कलमं साधारण ठरलेली : मयताच्या कुटुंबाला भरपाई, चर्चला मेण, मयतासाठी मिस्सा, कधी आखेन किंवा रोमची यात्रा आणि खुन्याच्या खर्चाने एक दगडी क्रूस. अवचित मारला गेलेला माणूस पापांची कबुली न देताच जातो; त्याच्या आत्म्याला येणाऱ्याजाणाऱ्यांच्या प्रार्थनेचा आधार हवा, ही त्यामागची श्रद्धा. म्हणून क्रूस वाहत्या वाटेवर.

1532 साली सम्राट पाचव्या चार्ल्सची फौजदारी संहिता आली. खुनाचा निवाडा न्यायालयाकडे गेला आणि या करारांचा पायाच सुटला. पण रीत एका फटक्यात मोडली नाही. आता पोलंडमध्ये असलेल्या स्टारगार्डचा क्रूस 1542 सालचा आहे. पुरुषभर उंचीहून मोठ्या या दगडावर चक्क नावं आहेत : मारला गेला हान्स बिलेके, मारणारा लोरेन्त्स माडर, त्याचा मावसभाऊ.

पुढे करार विसरले गेले, दंतकथा उरल्या. 1923 साली अभ्यासक माक्स हेलमिख यांनी सायलेशिया प्रांतातल्या अशा दगडांवर ग्रंथ लिहिला. तोवर प्रत्येक जुना क्रूस खुनाचाच, असा समज पसरला होता. काही क्रूस नुसते हद्दीचे किंवा अपघाती मृत्यूच्या स्मरणाचे असू शकतात, हे अभ्यासक आता आवर्जून सांगतात. करारनामा हाती असेल तरच खात्री.

आज यांतले बरेच क्रूस संरक्षित स्मारकं आहेत. मात्र रस्ता रुंदीकरणात अनेक हलवले गेले, काही चर्चच्या भिंतीत बसवले गेले. दगड वाचला, पण तो कुठल्या वाटेवर, कुणाच्या हद्दीत उभा होता हा पुरावा गेला. संरक्षण दगडाइतकंच त्याच्या जागेलाही हवं, ते याचसाठी.