मौन म्हणजे संमती? : डोमेन नावांच्या रजिस्ट्रार-बदलाचा इतिहास (१९९९ ते २०१८)

गोषवारा : 'डॉट कॉम' वर्गातील नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेण्याची मुभा १९९९ मध्ये निर्माण झाली. ही मुभा वापरताना नावधारकांना आलेल्या अडचणींचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. या अडचणींचे मूळ यंत्रणेतील बिघाडात नसून, नावधारकाची इच्छा कोणी पडताळावी या प्रश्नात आहे, असे येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : डोमेन नाव, रजिस्ट्री, रजिस्ट्रार, आयकॅन, स्थलांतर, संमती

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वाचकास फेरफार नोंदीची पद्धत नव्याने सांगावयास नको. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत. तथापि नोटीस काढणारा आणि नोंद प्रमाणित करणारा हे दोघेही त्या व्यवहारातील घेणारे वा देणारे नसतात, ही तिची मूळ बैठक होय. इंटरनेटवरील नावांच्या बाबतीत ही बैठकच नव्हती.

डोमेन नावाच्या व्यवहारात तीन पक्ष असतात. नाव वापरणारा तो नावधारक. त्याच्याकडून शुल्क घेऊन नोंदणी करून देणारी कंपनी ती रजिस्ट्रार. आणि एका वर्गातील सर्व नावांची मूळ वही सांभाळणारी संस्था ती रजिस्ट्री. रजिस्ट्रार बदलताना नाव तेच राहते, धारकही तोच राहतो. केवळ त्याचे दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते. परंतु नव्या कचेरीत दप्तर ज्याच्या ताब्यात जाईल, त्याला नावाची दिशा बदलता येते. संकेतस्थळ आणि ई-पत्रे कोठे जावीत हे त्याच्या हाती येते. म्हणून कारकुनी वाटणाऱ्या या कामावर इतका वाद झाला.

एकाच दुकानाचा काळ

डोमेन नावांची पद्धत पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. १९९३ पासून 'कॉम', 'नेट', 'ऑर्ग' या वर्गांची नोंदणी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी झालेल्या करारान्वये नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीकडे होती. सप्टेंबर १९९५ पासून या नोंदणीस पहिल्या दोन वर्षांकरिता १०० डॉलर शुल्क सुरू झाले. दुकान एकच असल्यामुळे दुकान बदलण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

मात्र नोंद खोट्या कागदावर फिरू शकते, हे त्याच काळात दिसून आले. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये नोंदविलेले 'सेक्स डॉट कॉम' हे नाव १९९५ मध्ये स्टीफन कोहेन याने एका बनावट पत्राच्या आधारे स्वतःकडे वळविले. नोंदणी कंपनीने धारकास विचारण्याची तसदी घेतली नाही. नाव परत मिळण्यास नोव्हेंबर २००० उजाडला. २००१ मध्ये न्यायालयाने ६ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई ठोठावली. पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळातील अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ता असून ती चुकीच्या हाती दिल्यास नोंदणी कंपनीवर दावा चालू शकतो, असे मान्य केले. नावाचा विषय सभ्य नसला तरी त्याने दिलेला कायदा महत्त्वाचा आहे.

१९९९ ची रचना आणि तिच्यातील उणीव

१९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली. मक्तेदारी मोडण्यासाठी एप्रिल १९९९ मध्ये तिने अमेरिका ऑनलाइन, कोअर, फ्रान्स टेलिकॉम, मेलबर्न आयटी आणि रजिस्टर डॉट कॉम या पाच संस्थांना चाचणीसाठी निवडले. नेटवर्क सोल्यूशन्सची एक शाखा मूळ वही सांभाळणारी रजिस्ट्री राहिली आणि दुसरी शाखा इतरांप्रमाणे रजिस्ट्रार झाली.

या रचनेत 'डॉट कॉम'च्या मूळ वहीत नावधारकाचे नाव नव्हते. नाव कोणते, ते कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, सर्व्हर कोणते आणि तारखा कोणत्या, इतकेच तेथे लिहिलेले असे. धारक कोण, त्याचा पत्ता काय, ही माहिती रजिस्ट्रारच्या दप्तरी. परिणामी रजिस्ट्री हा तटस्थ तिसरा पक्ष असूनही धारकास विचारण्याचे साधन तिच्याकडे नव्हते. विचारावयाचे ते नव्या किंवा जुन्या रजिस्ट्रारने. नव्याला गिऱ्हाईक मिळणार होते, जुन्याचे जाणार होते. तलाठ्याचे काम खरेदीदार आणि विक्रेता यांनी आपसात वाटून घ्यावे, तसा हा प्रकार होता.

नियमानुसार नवा रजिस्ट्रार धारकाची अनुमती घेऊन रजिस्ट्रीकडे विनंती पाठवी, रजिस्ट्री जुन्या रजिस्ट्रारला कळवी, आणि पाच दिवसांत नकार न आल्यास नाव हलविले जाई. वाद उत्पन्न झाला तो या पाच दिवसांतील मौनावरून.

२००१ मध्ये काही मोठ्या रजिस्ट्रारांनी जाणाऱ्या ग्राहकास स्वतःहून ई-पत्र पाठवून खातरजमा करण्यास प्रारंभ केला, आणि उत्तर न आल्यास स्थलांतर सरसकट नाकारले. नेटवर्क सोल्यूशन्स २००० मध्ये विकत घेणारी व्हेरीसाइन आणि रजिस्टर डॉट कॉम या त्यांतील प्रमुख होत. ग्राहकाचे नाव चोरीस जाऊ नये हा त्यांचा युक्तिवाद होता. लहान रजिस्ट्रारांचे म्हणणे असे, की ग्राहक आम्हांस एकदा 'हो' म्हणाला आहे. त्याने तेच पुन्हा सोडून जात असलेल्या दुकानदारास सांगावे, ही अट अडवणुकीची आहे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. तथापि सुरक्षेची ही आस्था गिऱ्हाईक जाऊ लागल्यावरच जागृत झाली, हे नजरेआड करता येत नाही.

उलट बाजूचे वर्तनही स्वच्छ नव्हते. 'आपल्या नावाची मुदत संपत आहे' अशा आशयाची, देयकासारखी दिसणारी पत्रे दुसऱ्याच्या ग्राहकांना पाठवावयाची आणि पैसे भरणाऱ्याचे नाव नकळत आपल्याकडे ओढून घ्यावयाचे, ही युक्ती त्या काळी रूढ झाली. अशा पत्रांवरून २००२ मध्ये व्हेरीसाइनविरुद्ध प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दावे लावले. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेटवर्क सोल्यूशन्स आणि डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या दोहोंविरुद्धची प्रकरणे तडजोडीने मिटविली.

नोव्हेंबर २००४ चे धोरण

या कलहातून तयार झालेले आंतर-रजिस्ट्रार स्थलांतर धोरण आयकॅनच्या संचालक मंडळाने २००३ मध्ये स्वीकारले आणि ते १२ नोव्हेंबर २००४ रोजी अंमलात आले. त्याने मौनाचा अर्थ निश्चित केला. धारकाने उत्तर दिले नाही एवढ्यावरून जुन्या रजिस्ट्रारला नकार देता येणार नाही. फसवणुकीचा पुरावा, न्यायालयाचा आदेश, धारकाच्या ओळखीविषयी वाजवी शंका, मागील मुदतीचे थकलेले शुल्क, नोंदणी वा पूर्वीचे स्थलांतर होऊन ६० दिवस न होणे, अशी नकाराची मोजकी कारणे ठरविण्यात आली. नावाला 'कुलूप' असल्यास नकार चालेल. मात्र ते काढण्याचा सोपा मार्ग धारकास दिला पाहिजे, अशी अट होती.

या अपवादात पळवाट होती. मौनाने नाव जाईल या भीतीने धोरण लागू होण्याच्या सुमारास अनेक रजिस्ट्रारांनी आपल्याकडील नावांना सरसकट कुलपे लावली. चोरापासून रक्षण झाले हे खरे. परंतु ज्या धारकांस कुलूप म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, त्यांच्या दृष्टीने जुनी अडवणूक नव्या नावाने परतली.

धोरण लागू होऊन दोन महिने झाले आणि भीती प्रत्यक्षात उतरली. न्यूयॉर्कमधील पॅनिक्स ही १९८९ मध्ये स्थापन झालेली इंटरनेट सेवा कंपनी. १५ जानेवारी २००५ च्या शनिवारी तिचे 'पॅनिक्स डॉट कॉम' हे नाव तिच्या संमतीविना डॉटस्टर या रजिस्ट्रारकडून मेलबर्न आयटीकडे गेले. ग्राहकांची ई-पत्रे परक्या सर्व्हरकडे वाहू लागली. नव्या रजिस्ट्रारच्या एका विक्रेत्याने अनुमतीची पडताळणी नीट केली नव्हती. अधिक क्लेशकारक गोष्ट अशी, की चूक उघड होऊनही ऑस्ट्रेलियातील कचेरी सोमवारी उघडेपर्यंत कोणी दाद घेईना. आयकॅनच्या सुरक्षा समितीने जुलै २००५ च्या अहवालात या घटनेची चिकित्सा केली. तातडीच्या प्रसंगी रजिस्ट्रारच्या जबाबदार व्यक्तीने चार तासांत उत्तर द्यावे, हा नियम मात्र २०१२ मध्ये लागू झाला. सात वर्षांचा हा विलंब समर्थनीय वाटत नाही.

रजिस्टरफ्लाय : दुकानच बुडाले तर?

पॅनिक्स प्रकरणात नाव नको तेव्हा गेले. रजिस्टरफ्लाय प्रकरणात ते हवे तेव्हा निघेना. दरम्यान 'डॉट कॉम' वर्गात नवी संदेशपद्धती आली होती. तीत प्रत्येक नावास एक गुप्त संकेतांक असतो आणि तो नव्या रजिस्ट्रारला दिल्याखेरीज स्थलांतर होत नाही. योजना उत्तम, पण संकेतांक मिळावयाचा तो जुन्या रजिस्ट्रारकडूनच. अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय ही स्वस्त दराची कंपनी २००६-०७ मध्ये अंतर्गत भांडणांनी कोलमडली, तेव्हा ग्राहकांनी भरलेल्या पैशांची नूतनीकरणे होईनात, कुलपे निघेनात, संकेतांक मिळेनात. पत्ता गुप्त ठेवण्याची सेवा घेतलेल्यांची स्थिती सर्वांत बिकट, कारण जाहीर नोंदीत त्यांचे नावच नव्हते. मार्च २००७ मध्ये आयकॅनने कंपनीची मान्यता काढली. मे महिन्यात सुमारे साडेआठ लाख नावे गो डॅडीकडे सोपविण्याची व्यवस्था झाली. रजिस्ट्रारांनी धारकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे नियमित ठेवावी, ही कराराच्या कागदावर पूर्वीपासून असलेली अट त्यानंतर कोठे अंमलात येऊ लागली.

भारतातील संदर्भ

'डॉट इन' वर्गाची व्यवस्था आरंभी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती; २००५ मध्ये निक्सीच्या अधिपत्याखाली रजिस्ट्रारांमार्फत नोंदणी खुली झाली. नावाचे मूल्य न्यायालयांनी त्यापूर्वीच ओळखले होते. रेडिफ विरुद्ध सायबरबूथ (१९९९) या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डोमेन नाव केवळ पत्ता नसल्याचे म्हटले, आणि सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट (२००४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यास व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. हे दोन्ही वाद सारख्या दिसणाऱ्या नावांचे होते. नाव आपलेच, पण दप्तर दुसऱ्याच्या हाती, या अडचणीस त्यांतून थेट उत्तर मिळत नाही.

आपल्याकडे ही अडचण बहुधा रजिस्ट्रारच्याही खालच्या पायरीवर असते. लहान संस्था, पतपेढ्या, महाविद्यालये संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे सर्व काम सोपवितात. तो नाव स्वतःच्या खात्यात आणि पुष्कळदा स्वतःच्याच ई-पत्त्यावर नोंदवितो. अशा वेळी धोरणाच्या भाषेत धारक संस्था नसून तो व्यावसायिक ठरतो. संमतीचे पत्रही त्यालाच जाते आणि मौनही त्याचेच मोजले जाते.

मे २०१८ मध्ये युरोपीय संघाचा विदा-संरक्षण नियम लागू झाला आणि धारकांचे ई-पत्ते जाहीर नोंदींतून मोठ्या प्रमाणावर झाकले गेले. धारकाचा पत्ता दिसत नसल्यास नव्या रजिस्ट्रारने त्याची लेखी अनुमती घेण्याची अट आयकॅनने तात्पुरत्या नियमाने शिथिल केली. उरले ते जुन्या रजिस्ट्रारकडून मिळणारा संकेतांक, त्याच्याचकडून धारकास जाणारे ई-पत्र, आणि ते पाच दिवस.