क्रिस्तपुराणांतील ‘भावार्थ’

फादर थॉमस स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणावर मराठींत आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक भाषेच्या अंगानें. पहिल्याच अवस्वरांत त्यानें मराठीची जी स्तुति केली आहे ती शालेय पुस्तकांपासून संमेलनांच्या व्यासपीठांपर्यंत सर्वत्र फिरते. तिच्यापलीकडे ग्रंथ मात्र थोड्यांनींच वाचला आहे. एका इंग्रजानें सुमारें ११,००० ओव्या मराठींत रचाव्या हें नवल खरेंच. परंतु नवल करून झाल्यावर, ग्रंथकार ऐकणाऱ्यापाशीं मागतो तरी काय, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाकडे एका शब्दाच्या वाटेनें जाण्याचें येथें योजिलें आहे. तो शब्द ‘भावार्थ’.

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस या शब्दाचीं दोन अंगें ठाऊक आहेत. ज्ञानदेवाच्या टीकेस भावार्थदीपिका म्हणतात, तेथें भावार्थ म्हणजे आंतील तात्पर्य. परंतु संतवाङ्मयांत भावार्थ म्हणजे निष्कपट निष्ठा, मनापासूनचा भाव, असाही अर्थ सर्रास येतो. स्टीफन्सनें हा दुसरा अर्थ उचलला आणि पोर्तुगीज धर्मोपदेशकांच्या ‘फे’ या शब्दाच्या जागीं बसविला. ख्रिस्तावर निष्ठा ठेवणारा तो ‘भावार्थी’. गोव्याच्या व कानड्याच्या कोंकणी ख्रिस्ती लोकांत हा शब्द आजही याच अर्थानें जिवंत आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं मराठी बायबल सिद्ध केलें, त्यांत ‘विश्वास’ हा शब्द रूढ झाला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचीं अशीं दोन परिभाषाकुळें आहेत, आणि एकाच्या पोथींतलें पान दुसऱ्याच्या पोथींत सांपडलें तर एवढ्या एका शब्दावरूनही बहुधा ओळखतां येईल.

ग्रंथकाराचें चरित्र परिचित असल्यानें थोडक्यांत सांगतों. जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत, १५७५ सालीं रोम येथें जेझुइट संघांत प्रवेश, ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास आगमन, त्यापुढील चाळीस वर्षें बहुतांशीं साष्टींत, मृत्यु १६१९. त्याच्या देशांत त्या काळीं रोमन पंथाच्या धर्मगुरूस देहांत शासनाचें भय होतें. म्हणजे धर्मासाठीं राजसत्तेचा दंड सोसणें काय असतें हें त्याला स्वदेशींच्या अनुभवावरून माहीत होतें. येथें मात्र तो त्या दंडाच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला.

कारण साष्टी त्या वेळीं शांत नव्हती. साष्टी व बारदेश हे प्रांत १५४३ सालीं पोर्तुगीजांकडे गेले. पुढें साष्टींतील धर्मकार्य जेझुइटांच्या वांट्यास आलें. १५६७ च्या सुमारास राशोलच्या कप्तानानें तेथील देवळें पाडविलीं. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, अशा मूर्ति नदीपार गेल्या त्याही याच वर्षांच्या आगेंमागें. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळीस रोदोल्फो आक्वाविवा व त्याचे चार सोबती जेझुइट मारले गेले. त्याचा सूड म्हणून गांवच्या गांवकरांस बोलण्याच्या निमित्तानें असोळण्याच्या कोटांत बोलावून मारण्यांत आलें. यानंतर तीनच महिन्यांनीं स्टीफन्सनें आपल्या भावास पत्र लिहिलें. या देशांतील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, हा त्याचा पुष्कळदां उद्धृत होणारा अभिप्राय त्याच पत्रांतला. हा योगायोग अभ्यासकांनीं जितका ध्यानीं घ्यावा तितका घेतला नाहीं, असें मला वाटतें.

आतां १५६७ च्या पहिल्या गोवा प्रांतिक धर्मसभेकडे वळूं. या सभेचे ठराव नेहमीं निर्बंधांसाठीं वाचले जातात, आणि ते निर्बंध कठोर होतेच: हिंदु धर्मोपदेशकांस देशाबाहेर घालविणें, त्यांचे ग्रंथ काढून घेणें, जाहीर विधि बंद करणें. परंतु त्याच सभेनें आरंभीं असेंही नमूद केलें आहे कीं धाकानें वा बळानें कोणासही ख्रिस्ताच्या धर्मांत आणणें योग्य नाहीं. ईश्वरानें ओढल्यावांचून व मनुष्य आपखुशीनें वळल्यावांचून श्रद्धा होत नाहीं. हें दांभिक वचन म्हणून सोडून देणें सोपें आहे, आणि राज्यकर्त्यांच्या आचरणाकडे पाहिलें तर तसें म्हणणाऱ्यास दोषही देतां येणार नाहीं. तथापि तें केवळ गोव्यांत रचलेलें वचन नव्हे. ट्रेंटच्या महासभेनें १५४७ सालीं हेंच सिद्धांतरूपानें मांडलें होतें: मनुष्य ईश्वराच्या कृपेनें जागा होतो, ऐकून श्रद्धा स्वीकारतो, आणि ईश्वरानें जें प्रकट केलें व ज्याचें वचन दिलें तें खरें मानून स्वेच्छेनें त्याच्याकडे वळतो. कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनांत ‘सत मानतां’ म्हणजे ‘सत्य मानतों’ असें म्हणतात, त्याचा धागा याच सिद्धांताशीं जुळतो.

तेव्हां पेंच असा होता. श्रद्धा आपखुशीचीच असली पाहिजे असें शास्त्र सांगतें, आणि भोंवतालची व्यवस्था आपखुशीला जागा ठेवीत नाहीं. स्टीफन्सच्या पुराणाचा उपक्रम नेमका या पेंचावर आहे. आरंभींच प्रसंग येतो तो असा: साष्टींत रविवारीं मुलांस धर्मशिक्षण चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण येतो व पाद्रीस म्हणतो कीं, ही शिकवण चांगली, पण आमचीं पहिलीं पुराणें तुम्हीं वाचूं देत नाहीं, तर त्यांच्याऐवजीं ऐकावयास आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? हा प्रश्न विनयानें विचारलेला आहे, पण त्यांत गाऱ्हाणें आहे. ग्रंथबंदीचा असा उल्लेख ग्रंथकारानें खुद्द आपल्या ग्रंथाच्या तोंडाशीं ठेवावा, ही गोष्ट साधी नव्हे. प्रश्नोत्तरांची पाठावळी पाठ करून घेतां येते. पुराण मात्र ऐकणाऱ्याला गोडी लागल्यावांचून चालत नाहीं. चावडीवर वा ओसरीवर पोथी लावणाऱ्याला हें कोणी शिकवावें लागत नाहीं. ओवीचा छंद, ‘वैकुंठ’ व ‘परमेश्वर’ हे शब्द, वक्ता-श्रोत्यांची योजना, हीं सर्व ऐकणाऱ्याचें मन आपण होऊन वळावें यासाठीं आहेत. बाप्तिस्म, स्पिरितु सांतु असे शब्द मात्र त्यानें पोर्तुगीज-लॅटिन तसेच ठेविले. कोठें सूट द्यावी व कोठें देऊं नये याचा त्याचा विवेक पक्का होता.

आतां भावार्थ ठेवावयाचा तो कशाच्या आधारावर? याचें उत्तर स्टीफन्स एखाद्या व्याख्येनें देत नाहीं. ग्रंथाच्या मांडणीनें देतो. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रवक्त्यांपर्यंत, म्हणजे तारक येईल या वचनाची कथा. दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वर तो आल्याची कथा. ईश्वर दिलेला शब्द पाळतो, हा सिद्धांत येथें दोन पोथ्यांच्या सांध्यावर उभा आहे. पहिली ऐकल्यावांचून दुसरीचें बळ कळत नाहीं. केवळ ख्रिस्तचरित्र सांगावयाचें असतें तर पहिल्या पुराणाची एवढी थोरली उठाठेव अनावश्यक होती. भावार्थ हा शब्द मनुष्याच्या बाजूचा. ईश्वराच्या बाजूची सत्यनिष्ठा कथाक्रमांत सांठविलेली.

या क्रमांत अब्राहामाची कथा ग्रीक व लॅटिन आचार्यांच्या काळापासून श्रद्धेचा नमुना म्हणून सांगितली जाते. वचनावर भिस्त ठेवून तो बापाचें घर व कुळाचा देश सोडतो. म्हातारपणीं पुत्र होईल हें मानतो. आणि त्याच पुत्राचा बळी मागितला असतां पाऊल मागें घेत नाहीं. साष्टींतील श्रोत्यांच्या कानीं ही कथा कशी पडली असेल? समोर बसलेला नवख्रिस्ती कुळाचे देव सोडून आलेला. त्याचेच भाऊबंद त्या देवांस पाठीवर घेऊन, शेतघर सोडून, नदीपार गेलेले. भिस्त ठेवून देश सोडणारे दोन्ही तीरांवर होते. स्टीफन्सनें हें असें मनांत आणलें होतें असें सिद्ध करण्यास आधार नाहीं, आणि मी तसें म्हणतही नाहीं; परंतु त्या गांवांचा इतिहास बाजूला ठेवून ती कथा वाचणें म्हणजे अर्धीच वाचणें होय.

ग्रंथ राशोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापला गेला. देशी अक्षरांचे ठसे मिळावे म्हणून ग्रंथकारानें १६०८ सालीं रोमला लिहिलें होतें. तें घडलें नाहीं. १६४९ व १६५४ सालीं पुन्हां आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर तीस वर्षांनीं, जून १६८४ मध्यें, विसरई कोंद द आल्व्हॉर यानें हुकूम काढला कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या राज्याच्या छत्राखालीं पुराण जन्मलें त्यानेंच त्याच्या श्रोत्यांची भाषा मोडावयास काढली. वरील तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज उपलब्ध नाहीं.

मग ग्रंथ आला कोठून? हातांनीं केलेल्या नकलांवरून. गोव्यांतून कानड्यांत उतरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो बरोबर नेला. त्यांतील हजारों माणसें १७८४ सालीं टिपूनें श्रीरंगपट्टणास धरून नेलीं व १७९९ सालीं जीं उरलीं तीं सुटलीं, तरी नकला राहिल्या. तशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालडाणा यांनीं मंगळुरास १९०७ सालीं रोमन लिपींतील आवृत्ति काढली. विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेंत गेलेली देवनागरी पोथी जस्टिन ॲबट यांनीं १९२३ सालीं प्रकाशांत आणली. ती मूळ संहिता कीं मागाहून केलेलें लिप्यंतर याविषयीं मतभेद आहे. देवनागरी छापील आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास १९५६ सालीं सिद्ध केली. पुढें १९९६ व २००९ सालीं आणखी दोन निघाल्या.

बाप्तिस्मांच्या नोंदवह्यांवरून साष्टींत किती लोक ख्रिस्ती झाले हें मोजतां येतें. ते आपखुशीनें झाले कीं कसे, हें त्या वह्या सांगत नाहींत. ११,००० ओव्यांची नकल करावयास मात्र कोणत्याही कप्तानाचा हुकूम नव्हता. १६८४ नंतर तर उलट हुकूम होता. कोणी म्हणेल कीं नकल करणारा पोटासाठींही लिहितो, आणि ओवीचा छंद हाही एक मोह आहे. मान्य आहे. परंतु पोटार्थी लेखकाला पैसे देणारें घर कोठें तरी असावें लागतें, आणि तें घर दर पिढीस पुन्हां खर्चास तयार झालें यास भावार्थाखेरीज दुसरें नांव मला सुचत नाहीं.

संग्राहकांपाशीं मागणें एवढेंच कीं, गोवा, सावंतवाडी अथवा मंगळूर प्रांतीं अशी पोथी वा तिचीं सुटीं पानें आढळल्यास ओव्यांच्या पाठाबरोबर शेवटची पुष्पिका, कागदावरील पाणखुणा, समासांत लिहिलेलीं नांवें व मेणबत्तीचे डाग पडलेल्या पानांचे आंकडे हेंही टिपून ठेवावें. पहिल्या व दुसऱ्या पुराणांपैकीं एकच बांधलें असेल तर कोणतें, याचीही नोंद हवी.