दुरुस्ती कोणाची?

२००५ साली माझी नेमणूक भिलाईला होती आणि मुक्काम कोहक्यात. शेजारी एक वृद्ध मराठी गृहस्थ राहत. सारी वस्ती त्यांना काका म्हणे. तरुणपणी वऱ्हाडातून ते येथील पोलाद कारखान्यात नोकरीला आले, तेव्हा पहिली झोतभट्टी नुकतीच, १९५९ च्या फेब्रुवारीत, सुरू झाली होती. निवृत्तीनंतर मुलाने घेऊन दिलेल्या संगणकावर त्यांनी आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. दोन वर्षांत शंभरावर पाने झाली. एके दिवशी यंत्र सुरू होईना. सुपेल्याच्या बाजारातून आलेल्या मेकॅनिकने फाइली फ्लॉपीवर उतरवल्या, हार्ड डिस्क फॉर्मॅट केली, विंडोज नव्याने टाकले आणि आपले पैसे घेऊन तो गेला. संध्याकाळी काकांनी फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टोप्या घातलेले स्वर यांच्या ओळीच्या ओळी! मोतीबिंदूमुळे सारे पुन्हा लिहिणे त्यांना शक्य नव्हते. मला म्हणाले, "तुम्ही सरकारी माणूस. सांगा, आता तक्रार करायची कोणाकडे?"

उत्तर माझ्याजवळ नव्हते. विक्रेत्याची हमी संपली होती. मेकॅनिकने यंत्र चालू करून दिले होते, म्हणजे त्याच्या दृष्टीने काम पुरे झाले होते. आमच्या कार्यालयातही याहून वेगळे काय होते? वार्षिक देखभाल करारात मॉनिटर होता, की-बोर्ड होता, प्रिंटर होता; त्या यंत्रावर आम्ही जे लिहीत होतो, ते मात्र कोणत्याच कलमात नव्हते.

हे असे का झाले, याचे मूळ बरेच मागे आहे. साठच्या दशकात भारतात मोठे संगणक आले ते बहुतांशी आयबीएमचे, आणि भाड्याने. यंत्र कंपनीचे, अभियंता कंपनीचा, दुरुस्ती भाड्यातच. भाडे जबर होते आणि बाहेर जुनी झालेली यंत्रे येथे डागडुजी करून दिली जातात, ही तक्रारही होती. पण यंत्र बंद पडले तर ते कोणी सुरू करायचे, हा वाद नव्हता. १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्याने परकी भागभांडवलावर सर्वसाधारणपणे चाळीस टक्क्यांची मर्यादा आणली. आयबीएमने ती मानली नाही आणि १९७८ मध्ये कंपनी भारतातून गेली.

तिच्या जाण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले; मागे राहिलेली यंत्रे कोणी चालू ठेवली, याबद्दल फारच थोडे. भारत सरकारने १९७५ मध्येच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन स्थापन केले होते. आठशेहून अधिक ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल या संस्थेने अंगावर घेतली. माझ्या मते आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील ही एक उपेक्षित कामगिरी आहे. दुरुस्ती हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते देशात असावे लागते, हे तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले होते. पुढे संस्थेचे नाव नुसतेच सीएमसी झाले, म्हणजे देखभाल हा शब्द नावातून गेला. २००१ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. दरम्यान १९८४ च्या धोरणानंतर संगणक स्वस्त होत होत टेबलावर आले. यंत्र आता वापरणाराच विकत घेऊ लागला, आणि दुरुस्तीची जबाबदारीही नकळत त्याच्याच गळ्यात पडली.

लिपीच्या बाबतीत तर आपण एक पाऊल पुढे जाऊन दोन मागे आलो. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात संगणक अक्षर साठवत असे, त्याचा आकार नव्हे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. विंडोज आल्यावर मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की मजकुराचा अर्थ गेला! काकांचे नेमके हेच झाले होते.

तो फॉन्ट त्यांनी नागपूरच्या एका छापखान्यातून आणला होता. महिनाभराने कोणी येणारा भेटला आणि त्याच्या खिशातून फ्लॉपी आली. फॉन्ट टाकताच पाने जशीच्या तशी उभी राहिली. काकांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण पुन्हा यंत्र बिघडले तर? म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायचे ठरले. विंडोज एक्सपीत त्यासाठी एका चौकटीत खूण करावी लागे. तीत आपली लिपी थाई आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांच्या पंक्तीत बसवलेली होती. खूण केली की यंत्र मूळ सीडी मागे. विक्रेत्याने ती कधी दिलीच नव्हती. मेकॅनिक हसून म्हणाला, "साहब, सीडी कौन देता है?" अखेर माझ्या घरची सीडी कामी आली.

रूपांतर करणारा प्रोग्राम हिंदीसाठी बनवलेला होता. बाकी सारे ठीक उतरले, पण आपला अर्धा र त्याला ठाऊक नव्हता. वऱ्हाड जिथे जिथे आले, तिथे तिथे ते मोडले. आणि त्या आठवणींत ते पानोपानी होते. काकांनी प्रोग्रामकडून एकदम बदल करून घ्यायला नकार दिला. पुढचे काही आठवडे रोज सकाळी ते भिंग घेऊन बसत आणि एकेक वऱ्हाड स्वतःच्या हाताने दुरुस्त करीत.