डाव्या हाताचा इतिहास

गाण्याच्या बैठकीत श्रोत्यांचे डोळे पेटीवाल्याच्या उजव्या हातावर खिळलेले असतात. डावा हात बिचारा भाता हलवीत बसलेला. त्याच्याकडे पाहतो कोण? पण पट्टीच्या वाद्याला गळ्यासारखे गाता यावे म्हणून आजवर जे यत्न झाले, त्यांचा इतिहास बहुतांशी या डाव्या हाताचाच इतिहास आहे. त्यातले एक पान आपल्या कोल्हापूरचे आहे.

हार्मोनियम मूळची परदेशची. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. तिथे पायांनी वारा भरावा आणि दोन्ही हातांनी वाजवावे, अशी रीत होती. आपल्याकडे वाद्य बैठकीवर आले, भाता पाठीमागे गेला आणि डाव्या हाताच्या स्वाधीन झाला. लोकप्रियतेबरोबर तक्रारही आली. पट्टी दाबली की सूर तयार, सोडली की संपला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघायची कशी? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी ई. क्लेमंट्स यांनी श्रुतींचा हिशेब मांडून पेटीत सूर वाढविण्याची खटपट केली. पण पायऱ्या कितीही वाढविल्या तरी जिन्याची घसरगुंडी होत नाही.

गोविंदराव टेंबे यांचा जन्म १८८१ साली कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेबांसारखे गवई जिथे नांदले, त्या करवीरनगरीत त्यांचा कान घडला. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्या, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते तिचे एक संस्थापक, आणि १९३२ च्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’तील हरिश्चंद्र तेच. परंतु जाणकारांनी त्यांना मानले ते पेटीसाठी. पेटीवरची ही किमया दोन हातांच्या संगनमताने साधते. उजवा हात लगतच्या पट्ट्या क्षणभर एकमेकींवर रेलू देतो. त्याच क्षणी डावा हात वारा आवरतो, मग हळूच फुगवतो. सूर तुटल्याचे कानाला कळत नाही. मींड प्रत्यक्षात नसते. पण तिचा भास असा होतो, की ऐकणारा फसतो आणि फसण्यात सुख मानतो.

तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपली दारे बंद केली. टेंबे त्या वेळी साठीच्या उंबरठ्यावर होते. १९५५ साली ते निवर्तले तेव्हाही बंदी कायम होती. ती सैल झाली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आक्षेप वाद्यावर होता, पण त्याची झळ वाजविणाऱ्यांना लागली.

इकडे हा वाद चालू असताना फ्रान्समध्ये तोच प्रश्न विजेच्या साहाय्याने सोडविणे चालले होते. मॉरिस मार्तनो याने १९२८ साली लोकांपुढे आणलेल्या वाद्यात उजव्या हाताच्या बोटात एक कडे असे. ते तारेवरून सरकवले की सूर अखंड घसरे. डाव्या हाताखाली एक कळ. ती जितकी दाबावी तितका आवाज मोठा. वाचकहो, हा आपला भाताच नव्हे काय? पुढे १९४७ च्या सुमारास तिथेच क्लॅव्हिओलिन निघाले. त्यात आवाजाचा चढउतार गुडघ्याने दांडी हलवून करायचा. हे वाद्य मुंबईला आले आणि १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी कल्याणजींनी त्यावरच वाजविली. सारा देश डोलला. पुंगी खरी की खोटी, हे कोणी विचारले नाही!

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली सिंथेसायझर उभा केला. त्यात पट्टी स्वतः सूर काढीत नाही. ती विजेचा दाब पाठविते. दाब एक व्होल्टने वाढला की सूर एका सप्तकाने चढतो. सूर, त्याचा पोत आणि त्याचा जोर ही तिन्ही दाबाच्याच हुकुमात. मग कोणता दाब कुठे न्यायचा, हे वादकाने ठरवायचे. उसाच्या मळ्यात दारे धरणारा शेतकरी पाटाचे पाणी या सरीतून त्या सरीत वळवितो, तसेच हे काम. १९७० च्या मिनीमूगवर त्यासाठी डाव्या बाजूला दोन चाके बसविली: एक सूर वाकविण्याचे, दुसरे कंपाचे. १९७७ च्या सुमारास यामाहाच्या सीएस-८० मध्ये दाबलेली पट्टी आणखी रेटली की तिच्यापुरताच सूर बदलू लागला. पेटीत भाता एक आणि तो सर्व सुरांना सारखा. इथे प्रत्येक पट्टीला जणू स्वतःचा भाता मिळाला.

असे वाद्य हाती आले की हौशी मनुष्य सारी दारे एकदम उघडतो. बोट टेकले की आवाज वाढतो, सूर थरथरतो, पोतही पालटतो. आणि राग कुठल्या कुठे वाहून जातो. पहिल्याने सूर स्थिर लावावा. मग बोटाचा रेटा एकाच ठिकाणी, आवाजाच्या जोराकडे, तोही थोडाच न्यावा. तो हातात बसला की कंप जोडावा. मींडेसाठी चाकाचा पल्ला मोजून ठेवावा: शुद्ध गंधारावरून पंचमापर्यंत जायचे तर तीन अर्धस्वर पुरेत. पट्टीमागून पट्टी दाबली की सूर आपोआप घसरावा अशीही सोय असते. पण ती प्रत्येक वेळी ठरल्या चालीने घसरते. मींड कुठे रेंगाळावी, हे रागाला ठाऊक असते, यंत्राला नव्हे. म्हणून चाक बरे. ते हात थांबेल तिथे थांबते.

मुंबईचे चरणजितसिंग यांनी १९८२ साली अशाच यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या ज्युपिटर-८ वरही डाव्या हाताला एक दांडी आहे; ती सुराकडे लावावी की पोताकडे, हे तिच्याजवळच ठरविता येते. पण ठरवावे लागते, आणि ते कानानेच. विजेचा एक थेंबही नसलेल्या पेटीवर, नभोवाणीची दारे बंद असताना, टेंब्यांसारख्या वादकांनी नेमके हेच केले होते. घरात पेटी शिकणारे मूल असेल तर त्याला पहिले काही दिवस एकच पट्टी दाबून नुसता भाता शिकवावा.